इंजिन बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

डोंबिवलीहून एका वाचकाने विचारलंय. त्यांच्याकडे ३.५ सीसीची नायट्रो बग्गी आहे, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर धावणारी रिमोट कंट्रोलची छोटी मॉडेल गाडी; पुलस्टार्टची, दोरी ओढून सुरू करायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची चालवली, टाकी रिकामी केली, प्लगच्या भोकातून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले, गाडी मूळच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवली. गणपती झाल्यावर काढली तर दोरी जागची हलेना. जोर लावल्यावर फिरली, पण आतून करकर येते. इंजिन चालू होतं, मात्र आयडलला टिकत नाही आणि पुढच्या बाजूने तेल गळतं. त्यांचा प्रश्न असा: कोणतं तेल घालायला हवं होतं? कुणी एरंडेल सुचवलंय, कुणी डब्ल्यूडी-४०, कुणी सांगितलंय की खास आफ्टर-रन ऑइलच (चालवून झाल्यावर इंजिनात घालायचं तेल) मागवा, बाकी कशाचा उपयोग नाही.

मी कोल्हापुरात गेली सतरा वर्षं ही इंजिनं चालवतो आणि दुरुस्त करतो. दर वर्षी गणपती ते दिवाळी या दिवसांत माझ्या टेबलावर जी इंजिनं येतात, त्यातली बरीचशी याच लक्षणांची असतात. त्यांतल्या बहुतेकांनी तेल घातलेलं असतं. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतो. तुम्ही तेल कोणतं घातलंत यापेक्षा ते कशावर घातलंत, हे मला आधी विचारायचं आहे. तेल पडलं तेव्हा आतलं धातू कोरडं होतं की त्यावर आधीच मिथेनॉल आणि पाणी बसलेलं होतं? तुमच्या वर्णनावरून ते बसलेलंच होतं. टाकी रिकामी केली म्हणजे इंजिन रिकामं झालं असं नसतं.

हे पाणी कुठून येतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपल्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. मिथेनॉल जळताना ३२ ग्रॅममागे ३६ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे जाळलं त्यापेक्षा जास्त वजनाचं पाणी, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. तुमच्या बग्गीची टाकी १२५ सीसीच्या आसपास असेल. २५ टक्के नायट्रोचं इंधन धरलं तर एक टाकी पूर्ण जळाल्यावर सत्तर-ऐंशी ग्रॅम पाणी होतं. ते जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण इंजिन बंद होतं त्या क्षणी जी वाफ आत असते ती आतच राहते आणि इंजिन थंड होताना क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळ कवचाच्या, भिंतीवर आणि बेअरिंगवर जमते. गारठ्यात खिडकीच्या काचेवर पाणी धरतं, तसंच.

टू-स्ट्रोक असल्यामुळे ताजं इंधन आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मगच वर जातं. म्हणजे बंद पडलेल्या इंजिनाच्या तळाशी न जळलेलं मिथेनॉल असतंच. मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. मुंबई-ठाण्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि कार्ब (कार्ब्युरेटर) व सायलेन्सरची तोंडं उघडी, त्यामुळे ओढायला पाणी भरपूर. त्यात भर म्हणून नायट्रो जळताना नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. पाण्याशी गाठ पडली की ती आम्लधर्मी होतात. उघड्या पोलादाला यापेक्षा वाईट शेजार नाही.

आता तेलाकडे या. मिथेनॉलमध्ये एरंडेल विरघळतं, खनिज तेल विरघळत नाही. काचेच्या बारक्या बाटलीत थोडं मिथेनॉल घेऊन त्यात शिलाई मशीनचं तेल टाका आणि हलवा. क्षणभर पांढरट दिसेल आणि मग दोन थर वेगळे होतील. तुमच्या इंजिनात हेच झालं. चार थेंब तेल गेलं, पण खाली मिथेनॉल-पाण्याचा ओला थर होता, तो तेलाने हटवला नाही. उलट वरून झाकून ठेवला. तीन महिने तो तिथे शांतपणे काम करत राहिला.

दुसरी गोष्ट, तेल घातलंत प्लगच्या भोकातून. तिथून ते पिस्टनच्या डोक्यावर आणि स्लीव्हच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या, भिंतीला लागतं. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम केलेली. ही जोडी गंजत नाही. गंजतात ती खालची पोलादी माणसं: क्रँक (फिरणारा दांडा), गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) आणि सगळ्यात आधी मागचं बेअरिंग. तुमच्यासारख्या इंजिनात मागचं बेअरिंग बहुधा १४ × २५.४ × ६ मिलिमीटरचं असतं, दोन्ही बाजूंनी उघडं, कारण त्याला इंधनातल्या तेलावरच जगायचं असतं. पुढचं ७ × १९ × ६ चं, बाहेरच्या अंगाला झाकण असलेलं. या मागच्या बेअरिंगपर्यंत प्लगच्या भोकातून टाकलेलं तेल फारसं पोचत नाही. तिथे जायचा रस्ता कार्बमधून आहे. या इंजिनांचा क्रँक पोकळ असतो. हवा-इंधन कार्बमधून क्रँकच्या खिडकीत शिरतं, पोकळीतून मागे जातं आणि बेअरिंगच्या तोंडाशीच बाहेर पडतं. तेलानेही हाच रस्ता धरायला हवा.

मागचं गंजलेलं बेअरिंग कसं दिसतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. धुऊन भिंगाखाली धरलं की रेसवर, म्हणजे छर्रे ज्या कड्यावर फिरतात तिथे, बारीक तपकिरी ठिपके दिसतात, आणि ते कसेही विखुरलेले नसतात. एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर असतात. पावसाळाभर छर्रे जिथे टेकून बसले होते, त्याच जागा. छर्रा आणि रेस यांच्या फटीत पाणी धरून राहतं आणि तिथूनच खड्डा पडायला सुरुवात होते. बोटावर चढवून फिरवलं की दर छर्ऱ्याला एक खडा लागतो. मिनिटाला तीस हजार फेरे मारणाऱ्या वस्तूला असे खडे लागले तर काय होत असेल, याचा विचार करा.

तरीही, इंजिन जाम झालं म्हणजे गंजलंच असं धरू नका. मी तीन प्रकार वेगळे करतो. पहिला, फक्त वरच्या टोकाला अडकणं. ही स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. चालू इंजिनात ती तापून फुगते आणि तेव्हा पिस्टन नेमका बसतो. थंड असताना वरच्या टोकाला तो आवळला जाणारच. नव्या इंजिनात तर हाताने फिरवणंही जड जातं. हा दोष नाही, तब्येत चांगली असल्याची खूण आहे. दुसरा, सगळ्या फेऱ्यात चिकट, गुळाच्या पाकातून फिरवल्यासारखं. हे एरंडेलाचं काम. जुनं एरंडेल घट्ट होऊन चिकटा धरतं. केस वाळवायच्या ड्रायरने पाच-सहा मिनिटं तापवलं की ते मोकळं होतं आणि त्यात नुकसान काही नसतं. तिसरा, सगळ्या फेऱ्यात करकर, आणि तापवूनही जात नाही. हा गंज. तुमचं वर्णन तिसऱ्याचं आहे, आणि पुढून गळणारं तेल त्यालाच दुजोरा देतं. पुढचं बेअरिंग सैल झालं की तिथून तेल बाहेर येतं आणि हवा आत जाते. हवा आत गेली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि आयडल धरत नाही. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, कितीही फिरवलीत तरी ते बसणार नाही, कारण दोष ट्यूनिंगमध्ये नाहीच.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो. दिवसाची शेवटची टाकी संपत आली की गाडी बाजूला घेऊन आयडलवर ठेवतो आणि इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन बंद करतो. टाकी संपेपर्यंत पळवत राहायचं हे मी कुणालाच सांगणार नाही. शेवटच्या घोटांना इंधन तुटक येतं, मिश्रण एकदम लीन होतं आणि इंधन नाही म्हणजे तेलही नाही. त्याच वेळी इंजिन पूर्ण वेगात असेल तर पाच सेकंदांत एका मोसमाची झीज होते. आयडलवर हा धोका नगण्य आहे.

मग नळी काढायची, टाकी पिचकारीने रिकामी करायची, चाकं अधांतरी राहतील अशी गाडी स्टँडवर ठेवायची आणि ग्लो इग्नायटर (प्लग तापवायचं साधन) लावून पुन्हा दोरी ओढायची. इंजिन एक-दोन सेकंद भुरभुरून बंद पडेल. पुन्हा ओढा. असं तीन-चार वेळा केलं की एक वेळ अशी येते की काहीच पेटत नाही. तेव्हा समजायचं की क्रँककेसमधलं मिथेनॉल बऱ्यापैकी संपलं. हे सगळं इंजिन गरम असतानाच झालं पाहिजे, म्हणून शीर्षकात दहा मिनिटं म्हटलं आहे. इंजिनाचं डोकं ऐंशी-नव्वद अंशांवर असताना जे पाणी वाफ होऊन निघून जातं, तेच तासाभराने थेंब होऊन बसलेलं असतं. घरी गेल्यावर निवांत करू, असं ठरवून डिकीत टाकलेली गाडी घरी पोचेपर्यंत आतून ओली झालेली असते. हे काम उघड्यावर करा. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि त्याची वाफ बंद गॅलरीत साठू देण्यासारखी नाही.

दोन-तीन मिनिटं थांबतो, तोवर प्लगभोवतीची माती ब्रशने झाडून घेतो. ही माती आत पडली तर केलेलं सगळं वाया. मग प्लग काढायचा, एअर फिल्टर उतरवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून कार्बमध्ये आठ-दहा थेंब तेल सोडायचं आणि प्लगच्या भोकात चार-पाच. वर एक चिंधी धरून दोरी सात-आठ वेळा ओढायची. प्लग काढलेला असल्यामुळे ती सहज येते.

ती चिंधी फेकून देऊ नका, आधी नीट बघा. मी लाल रंगाचं एटीएफ वापरतो, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. पहिल्या खेपेला चिंधीवर जे उडतं ते मळकट असतं आणि त्यात अनेकदा पातळ गुलाबी दुधासारखे ओघळ दिसतात. ते पाणी. तेलात पाणी घुसळलं गेलं की एटीएफचा रंग असा फिका, दुधाळ होतो. मग मी पुन्हा तेवढेच थेंब सोडून पुन्हा ओढतो. दुसऱ्या खेपेला गुलाबी कमी होतो. तिसऱ्या खेपेला चिंधीवर स्वच्छ तांबडा डाग पडला की माझं समाधान होतं. पावसाळ्याच्या तोंडावर कधी चौथी खेपही लागते. तेल किती घालायचं याचं उत्तर थेंबांत नसून त्या डागात आहे.

शेवटी गाडी नाक खाली करून धरतो आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवतो, म्हणजे थोडं तेल पुढच्या बेअरिंगकडे उतरतं. मग पिस्टन खालच्या टोकाला आणून थांबवतो. वरच्या टोकाला थांबला तर गरम फुगलेली स्लीव्ह थंड होताना त्याच्यावर आवळून बसते. पुढच्या वेळी दोरी ओढताना ताण येतो तो कनेक्टिंग रॉडवर. पिस्टन कुठे आहे हे रोज प्लग काढून बघावं लागू नये म्हणून फ्लायव्हीलवर पक्क्या मार्करने एक खूण करून ठेवा.

प्लगच्या जागी मी एक जळलेला जुना प्लग हलक्या हाताने बसवतो. चांगला प्लग तेलात बुडवून ठेवायचं कारण नाही, आणि भोक बंद राहतं. कार्बवर आणि सायलेन्सरच्या तोंडावर रबरी बूच लावतो. थोडं तेल सायलेन्सरमधून निथळतं, ते क्लचच्या शूजवर जाऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी क्लच घसरेल आणि तुम्ही ट्यूनिंगला दोष देत बसाल. सिलिकॉनच्या नळ्यांपासूनही ते लांब ठेवा. खनिज तेलाने सिलिकॉन फुगतं आणि मऊ पडतं.

म्हणजे क्रम असा झाला: आयडलवर बंद, टाकी रिकामी, उरलेलं इंधन जाळून टाकणं, मग तेल, डाग स्वच्छ होईपर्यंत. यातलं तिसरं काम न करता चौथं कितीही उत्तम तेलाने केलंत तरी बेअरिंग वाचणार नाही, आणि तिसरं नीट केलंत तर साध्या तेलानेही पुष्कळ निभावतं.

आता तुम्ही विचारलेली तेलं एकेक घेऊ. एरंडेलाबद्दल मला आदर आहे. चालत्या इंजिनात त्यासारखं संरक्षण क्वचितच कुठलं तेल देतं, विशेषतः इंजिन लीन होऊन तापलं तर. पण उभ्या इंजिनात तीन महिने ठेवायला ते चुकीचं आहे. ते घट्ट होतं आणि चिकटा धरतं, आणि औषधाच्या दुकानातल्या एरंडेलात गंजरोधक काहीही नसतं. खोबरेल तेलाबद्दलही मला अधूनमधून विचारतात. ते तर नकोच. पंचवीस अंशांच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की खवट होतं, म्हणजे त्यातच आम्ल तयार होतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. त्याचं नावच त्याचं काम सांगतं: पाणी हटवण्याच्या द्रवाचा चाळिसावा प्रयोग. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये १९५३ साली ते तयार झालं. पाणी हटवण्याचं काम ते खरोखर चांगलं करतं. पण त्यातला बराच भाग उडून जाणारा आहे, मागे राहतो तो अगदी पातळ पापुद्रा. त्यामुळे मी ते धुण्यासाठी वापरतो, राखण्यासाठी नाही. उरलेलं इंधन काही कारणाने जाळता आलं नाही, समजा प्लगच गेला, तर आधी डब्ल्यूडी-४० ने आतून धुवा, दोरी ओढून बाहेर काढा आणि लगेच वरून तेल घाला. नुसतं तेच मारून गाडी पावसाळाभर ठेवलेली माणसं नंतर माझ्याकडे आली आहेत.

शिलाई मशीनचं तेल वाईट नाही. पातळ आहे, सगळीकडे पोचतं, पण ओल्या हवेत आठवड्या-दोन आठवड्यांच्या वर मी त्यावर विसंबत नाही. एटीएफ मला आवडतं ते त्यात गंजरोधक घटक असतात म्हणून, आणि कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं म्हणून. हवेच्या दाबावर चालणाऱ्या अवजारांसाठी मिळणारं न्यूमॅटिक टूल ऑइल त्याच तोडीचं. त्या अवजारांत कॉम्प्रेसरमधून पाणी येतच असतं, त्यामुळे ते तेल पाण्याला तोंड देण्यासाठीच बनवलेलं असतं. एमआयडीसीच्या आसपास राहत असाल तर ते सहज मिळेल. आणि खास आफ्टर-रन ऑइल? चांगलं असतं, परवडत असेल आणि मिळत असेल तर जरूर घ्या. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून इंजिन ओलं ठेवू नका.

यातलं किती करायचं हे परिस्थितीवर आहे. एकाच दिवशी दोन टाक्यांच्या मध्ये तेल घालायची काहीच गरज नाही. फक्त भरलेली टाकी ठेवून गाडी उतारावर किंवा तिरकी उभी करू नका. इंधन हळूहळू इंजिनात उतरतं, सिलिंडर भरतो, आणि द्रव काही दाबला जात नाही. अशा वेळी दोरी हिसकली की दोरी तुटते किंवा रॉड वाकतो. माझा पहिला रॉड असाच वाकला, आणि तोही तेलाने. नवीन असताना मी आफ्टर-रन ऑइल भरपूर ओतलं, प्लग लावून ठेवला, पुढच्या रविवारी इंजिन तसंच स्टार्टरवर चढवलं. एकच ठक असा आवाज आला. तेव्हापासून ठेवलेलं इंजिन सुरू करताना आधी प्लग काढून गाडी उलटी करायची आणि दहा वेळा दोरी ओढायची, हा नियम मी मोडलेला नाही.

उद्या परत चालवणार असाल तर उरलेलं इंधन जाळून दोन थेंब तेल पुरे. आठवड्याने चालवणार असाल तर वरचं सगळं करा, पण दोन खेपा पुरतात. नागपूरला एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत राहणारा माणूस महिनाभर निर्धास्त राहील. डोंबिवलीत, खाडीच्या हवेत, आठवड्याचीही सूट मी देणार नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांचं बेअरिंग असेल तर छर्रे गंजत नाहीत, पण रेस पोलादाचीच असते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

पावसाळाभर ठेवायची तर मूळचं खोकं नको. पुठ्ठा ओल धरतो आणि ती गाडीला देत राहतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी मिळाली तर उत्तम, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी झाकण उघडून फ्लायव्हील दीड-दोन फेरे हाताने फिरवा, पिस्टन परत खाली आणून ठेवा. मघाचे सारख्या अंतरावरचे ठिपके आठवा. छर्रे जागा बदलत राहिले आणि तेलाचा पापुद्रा नव्याने पसरत राहिला की ते पडायला वेळ मिळत नाही. या एका सवयीने वाचलेली बेअरिंगं मी पाहिली आहेत.

इंधनाचंही तेच. टाकीतून काढलेलं परत बाटलीत ओतू नका. अर्ध्याहून रिकामी झालेली बाटली लहान बाटलीत काढा, म्हणजे वर हवा कमी राहील. झाकण घट्ट, जागा अंधारी. पावसाळ्यापूर्वी उघडलेली बाटली दिवाळीत वापरू नका. त्यात किती पाणी गेलंय हे डोळ्याला दिसत नाही, आणि मग चांगलं इंजिनही विचित्र वागतं. मिथेनॉल पोटात गेलं तर दहा मिलिलिटरसुद्धा दृष्टी घालवू शकतं. घरात मुलं असतील तर ही बाटली कुलपात हवी, शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नको.

एअर फिल्टरबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. बेअरिंग गंजाने जातात, पिस्टन-स्लीव्ह धुळीने. बेअरिंग बदलता येतं. धुळीने खाल्लेल्या स्लीव्हचा निमुळतेपणा गेला की कॉम्प्रेशन गेलं, आणि ती जोडी महाग असते. फिल्टरचा फोम प्रत्येक दिवसाच्या शेवटी रॉकेलमध्ये आणि मग साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळून पिळून ठेवा. लाल मातीत चालवत असाल तर दोन जादा फोम खिशात असू द्या आणि दुपारी बदला.

राहिलं तुमचं आजचं इंजिन. ते आता अजिबात चालवू नका. आयडल बसतंय का बघू म्हणून आणखी एक टाकी जाळलीत तर गंजाचे कण क्रँककेसमधून वर स्लीव्हमध्ये जातील. आणि बेअरिंगमधली छर्रे धरून ठेवणारी जाळी तुटली तर तिचे तुकडे पिस्टन-स्लीव्हसकट सगळं घेऊन जातील. आत्ता खर्च फक्त दोन बेअरिंगांचा आहे.

उघडताना मागची प्लेट, हेड, स्लीव्ह, पिस्टन, क्रँक या क्रमाने काढा. स्लीव्ह कोणत्या दिशेने बसली होती याचा फोटो काढून ठेवा. रिकामी क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशांना पंधरा-वीस मिनिटं ठेवा. इंधन-तेलाचा वास लागतो, तेव्हा स्वयंपाकाचा ओव्हन नको. जाड हातमोजे घालून ती लाकडी फळीवर सपाट आपटा, मागचं बेअरिंग बहुतेक वेळा आपोआप गळून पडतं. पुढचं आतून लाकडी दांड्याने हलकेच ठोकून निघतं. नवी बेअरिंगं तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, केस पुन्हा तापवा आणि सरळ धरून सोडा. नीट गेली तर ठोकायची वेळ येत नाही. तिरकं बसलं असं वाटलं तर जोर लावू नका, पुन्हा तापवून काढा. बेअरिंगच्या दुकानात जाताना जुनी सोबत न्या, कारण मागच्याचा बाहेरचा व्यास काही इंजिनांत २५.४ ऐवजी २५.८ असतो आणि हा फरक डोळ्याला कळत नाही. उघडलंच आहे तर क्रँकवर बेअरिंग बसतं ती जागाही बघा. तिथे हाताला लागेल असा खड्डा असेल तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. नुसता डाग असेल तर काळजी नको.

जोडून झाल्यावर प्लग न लावता फ्लायव्हील बोटाने फिरवा आणि कान जवळ न्या. खालच्या अर्ध्या फेऱ्यात काहीही ऐकू येता कामा नये. मग इंजिनाचं डोकं ड्रायरने हात टेकवत नाही इतपत तापवा, नीडल पाव फेरा रिच करून, म्हणजे इंधन थोडं जास्त येईल अशी ठेवून, पहिली टाकी बहुतेक आयडलवर आणि अर्ध्या थ्रॉटलवर जाऊ द्या. ती संपत आली की गाडी बाजूला घ्या, नळी चिमटीत धरा, आणि चिंधी जवळ ठेवा.